घोडनवऱ्यांचा मुक्काम



या संपादकीयाचा विषय पाहून तुमच्यापैकी काहीजणी हसतील, काहीजणी रागावतील. घरातली मारहाण, दारू, सातबाऱ्यावरचे नाव, अंगणवाडी सेविकांचे मानधन हे सगळे प्रश्न उभे असताना बायकांनी घोडीवर बसून भटकायला जाण्याचे मंडळ काढावे की नाही, यावर संपादकीय? आमच्या गटातही मला हे विचारले गेले. तरी लिहिते आहे. गेल्या तीन महिन्यांत आंजी (मोठी) इथल्या बैठकांमध्ये या एका विषयावर जेवढे कडाक्याचे वाद झाले, तेवढे इतर कोणत्याच विषयावर झाले नाहीत. आणि वाद घोडीबद्दल नव्हताच.

झाले असे की बचत गटातल्या बायका आणि किशोरी गटातल्या मुली मिळून अकराजणींनी एक मागणी मांडली. कापसाची वेचणी आटोपली की दोन दिवस बाहेर पडायचे, धाम नदीच्या बाजूबाजूने पवनारपर्यंत जायचे आणि वाटेत एक रात्र उघड्यावर मुक्काम करायचा. जवळच्या गावात एकाकडे वरातीला भाड्याने द्यायच्या दोन घोड्या आहेत. लग्नतिथी नसते त्या दिवशी त्या दाव्याला उभ्याच असतात. त्या घ्यायच्या, सामान लादायचे, पाळीपाळीने बसायचे, बाकीच्यांनी सोबत चालायचे. आणि हे एकदाच करून थांबायचे नाही. मंडळ काढायचे, दर हिवाळ्यात जायचे.

घरोघरी पहिला प्रश्न आला तो एकाच शब्दाचा. कशासाठी?

इथेच घोडे पेंड खाते. पवनारला दर्शनाला जायचे असते तर कोणी विचारले नसते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, तिच्यामागे आपल्या भागातल्या बाया कित्येक दिवस चालतात, शाळेच्या ओट्यावर नाहीतर देवळात झोपतात. त्यांना घरून भाकरी बांधून दिली जाते. विनोबांच्या प्रेरणेने चार बहिणी १९६७ साली इंदूरहून लोकयात्रेला निघाल्या आणि बारा वर्षे देशभर पायी फिरल्या, रोज नवे गाव, रोज नवा मुक्काम. त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि घेतलेच पाहिजे. देवासाठी, देशासाठी, मुलाच्या औषधासाठी, मजुरीसाठी बाई कितीही दूर गेली, कितीही रात्री बाहेर राहिली तरी चालते. बैठकीत साठीच्या पुढच्या एका बाईने हे एका दमात सांगून टाकले, "वावरात जागलीले मी दहा वर्सं गेली. रानडुकरं हाकलत रातरात मचानावर बसली. तवा कोनी इचारलं नाही का बाई, तू रातची बाहेर काहून राह्यते? आता पोरी हौसेनं जातो म्हनते, तं गावाची इज्जत चालली!"

हौस हाच आक्षेपाचा मुद्दा आहे.

घोडा, बाई आणि उघड्यावरचा मुक्काम हे काही परदेशातून आलेले खूळ नाही, हेही सांगितले पाहिजे. बारामती-फलटणकडचे मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढरे घेऊन चरत जातात. घोडी मात्र बाईच्या ताब्यात असते. वाघर, भांडी, पीठ, आजारी कोकरू, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर कधी तान्हे लेकरू, हे सगळे घोडीवर तोल सांभाळून लादायचे, दोरी धरून पुढच्या मुक्कामाला पोचायचे, पाणी शोधायचे, चूल मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायचे, हे काम तिचे. विदर्भात कच्छ-काठियावाडकडून उंट घेऊन येणाऱ्या मेंढपाळांचे तांडे आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या बायकांचेही तेच. अमेरिकेत हौशी लोक घोड्यावर सामान लादून डोंगरात मुक्कामाला जातात. मोंटाना राज्यात १९७३ साली अशा घोडेस्वारांनी संघटना काढली, रानातल्या जुन्या वाटा स्वतः झाडूनपुसून मोकळ्या ठेवायच्या असे ठरवले आणि पुढे तिच्या शाखा इतर राज्यांत पसरल्या. त्यांच्याकडे ज्याचे प्रशिक्षणवर्ग घेतात ते कौशल्य आपल्याकडची धनगरीण आईकडून शिकते, आणि त्याला कोणी कौशल्य म्हणत नाही. बीडकडच्या ऊसतोड बायका तर वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढतात. तिथे नवराबायको मिळून हिशेबाला एक कोयता धरतात. पहाटे तीनला उठून काळोखात शौचाला जाणाऱ्या त्या बायकांच्या सुरक्षिततेची चिंता कुठल्या गावाने केली?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईच्या रस्त्यांवरच्या बायकांबद्दल ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ साली लिहिले. बाईला बाहेर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावे लागते, निष्कारण रेंगाळण्याची मुभा तिला नाही, हा त्यांचा मुद्दा. मुंबईत पर्स आणि मोबाइल हे कारण दाखवायचे साधन असते, आंजीत डोक्यावरचा भारा. फरक तेवढाच. भारा नसलेली बाई दोन वेळा पांदणीतून गेली की तिसऱ्या वेळी तिच्या घरी निरोप पोचतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या फिरण्याबद्दल प्रश्न असतात. बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर एकटीने जायची तुम्हाला परवानगी आहे का? २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४२ टक्क्यांनी तिन्ही ठिकाणांना ‘हो’ म्हटले. म्हणजे निम्म्याहून अधिक बायकांना बाजार, दवाखाना आणि परगाव यांपैकी कुठेतरी एकटीने जाता येत नाही. हा आकडा आपण शिबिरांमध्ये वापरतोच. पण प्रश्नाकडेही एकदा नीट पाहा. मनाला वाटले म्हणून कुठे जाता का, असे त्यात विचारलेलेच नाही. मोजणाऱ्यांनीही बाईच्या बाहेर पडण्याला काम जोडूनच ठेवले आहे.

चळवळीतल्या एका जुन्या मैत्रिणीचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर होता. वर्धा हा शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा आहे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले त्यातला हा एक. आपल्या गटांमध्ये त्या घरांतल्या विधवा आहेत. त्यांच्यासमोर घोडेस्वारीचे बोलणे शोभते का? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. या अकराजणींच्या यादीत अशा दोन बाया आहेत आणि त्यांनी नावे स्वतःहून दिली आहेत. नवरा गेल्यापासून दहा वर्षांत तहसील, बँक आणि माहेर सोडून चौथ्या ठिकाणी गेलेच नाही, असे त्यातली एक म्हणाली. तिच्यासाठी काय शोभते हे आपण कोण ठरवणार?

एम.एस.डब्ल्यू.ला गटकार्य शिकताना गटांचे प्रकार शिकवत, त्यात करमणुकीचा गट हा एक रीतसर प्रकार होता. परीक्षेत त्यावर टीप यायची. कामाला लागल्यावर तो कुठल्याही प्रस्तावाच्या नमुन्यात बसलेला मला दिसलेला नाही. शिवणयंत्र बसते, पापड-लोणची बसतात, ‘उत्पन्नवाढ’ हा शब्द असला की शेळीही बसते. हौस बसत नाही. पण स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव दूर करण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आपण ‘सीडॉ’ म्हणून ओळखतो, ज्याला भारताने १९९३ साली मान्यता दिली, त्याच्या १३ व्या कलमात कर्ज आणि कुटुंबाचे लाभ यांच्या शेजारीच करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपणच त्या कलमाचा पहिला अर्धा भाग वाचतो आणि पान उलटतो.

आपल्या शिबिरांचेही तसेच आहे. ‘शिबिर’ या शब्दाचा मूळ अर्थ सैन्याचा तळ, राहुट्यांचा मुक्काम. बायकांच्या चळवळीने तो शब्द घेतला आणि हजारो बायका आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपल्या त्या शिबिरातच. कायद्याचे सत्र त्यांच्या किती लक्षात राहिले हे मला माहीत नाही. रात्री सतरंजीवर आडवे पडून केलेल्या गप्पा मात्र वीस-वीस वर्षांनी सांगतात. आजवर आपण तो आनंद प्रशिक्षणाच्या नावाखाली चोरून दिला. या मुली तो उघड मागत आहेत.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेला जोडून बायकांना सायकल शिकवली गेली. लाखाच्या आसपास ग्रामीण बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. पाणी आणायला, माल विकायला सायकलचा उपयोग होताच, पण त्या बायका बोलत होत्या ते स्वतःच्या मर्जीने निघता येण्याबद्दल. पुरुषांची सायकल त्यांना जास्त पसंत होती, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. टोमणेही भरपूर खाल्ले. आज मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तीच सायकल रविवारी धामच्या पुलावर दिसली की मात्र लगेच फोन.

मग सायकलच का नाही, घोडीच का, असेही विचारले गेले. सायकलला आमची ना नाही. पण घोड्यावर बसलेले माणूस उंच दिसते, आणि ते कोण असावे याचे आपल्या समाजात नियम आहेत. २०१८ साली गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यात घोडा पाळणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोड्यावर बसतो हे सवर्णांना खुपत होते, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे होते. दलित नवरदेवाला घोडीवरून उतरवल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतच असतात. तेव्हा आपल्या मंडळात घोडीवर कोण बसणार आणि कोण दोरी धरून चालणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागेल. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरेल, असा नियम बौद्ध वस्तीतल्या एका मुलीने सुचवला आणि तो लिहून घेतला आहे. शहरातले रायडिंग क्लब हे लष्कर आणि श्रीमंत यांचे राहिले. मुंबईचा अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ सालचा. त्यांची फी आपल्या एखाद्या गटाच्या वर्षाच्या बचतीला भारी पडेल. मंडळ त्या वळणाने जाऊ द्यायचे नसेल तर ते आत्ताच पाहिले पाहिजे.

आणि बाईपुरते बोलायचे तर आपली भाषाच बघा. लग्नाचे वय उलटलेली मुलगी म्हणजे घोडनवरी. ‘एवढी घोडी झाली’ म्हणजे आता हिने नीट वागावे. नवरदेव घोडीवर बसून येतो, आणि नवरी? आपल्या शेजारच्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीने स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावले, केवढे धाडस! पण रथाचे लगाम दारुकाच्या हाती. पुढे महाभारतात तर दुर्वासांनी तिलाच रथाला जुंपल्याची कथा आहे. जुंपली गेली, हाकायला मिळाले नाही. युरोपातही कुलीन बाईने दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचे, टांग टाकून बसणे असभ्य, असा दंडक विसाव्या शतकापर्यंत चालला. आपली कासोट्याची नऊवारी त्या मानाने सोयीची. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बायका उतरल्या त्या १९५२ साली हेलसिंकीला, आणि पोलिओने गुडघ्याखालचे पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी तिथे रौप्यपदक मिळवले. त्यांना घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागत असे. आज तिथे बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत ड्रेसाज प्रकारात भारताच्या चौघांच्या संघाने सुवर्ण मिळवले, त्यात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. त्यातली सुदीप्ती इंदूरची. आमच्या किशोरी गटातल्या एकीने मोबाइलवर ती बातमी दाखवली तेव्हापासून या सगळ्याला सुरुवात झाली, हेही नोंदवून ठेवते.

आता व्यवहार. जनावराचा विचार आधी, कारण आपल्या मोकळेपणाचा भार दुसऱ्या कोणाच्या पाठीवर पडणार आहे. घोडीवर तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे नको, खोगीर धरून. म्हणजे सामान लादले त्या घोडीवर बसायचे नाही. दिवसाला तिला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागते, म्हणून नदीची वाट. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हिवाळ्याशिवाय विचारही करायचा नाही. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ततपासणी करून घ्यायची. बोरच्या जंगलाकडची वाट सुंदर आहे, पण तो २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिकडे उघड्यावर मुक्कामाचे नाव काढायचे नाही. मुक्काम वस्तीच्या हाकेच्या अंतरावर, शेतमालकाला आधी विचारून, आणि पोलीस पाटलांना कळवून. यावर एक मुलगी म्हणाली की हीसुद्धा परवानगीच झाली. वाद झाला. शेवटी कळवायचे, विचारायचे नाही, असे ठरले. अर्जात ‘परवानगी मिळावी’ ऐवजी ‘माहितीसाठी’ लिहायचे. नोंदणीला सात सभासद पुरतात, आपण अकरा आहोत. मुलांना कोण सांभाळणार हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोघींच्या नवऱ्यांनी हो म्हटले आहे, तिघींच्या सासवांनी म्हटले आहे, बाकीच्या गप्प आहेत.

घोडीमालकाची भीतीही खोटी नाही. "बाया बसल्या अन् लोकायनं वरातीले घोडी नाकारली तं म्या काय खावं?" असे तो म्हणाला. त्याचे पोट त्यावर आहे. आम्ही त्याला दिवसाचे भाडे वरातीच्या दिवसाइतकेच देऊ केले. आम्ही कोणाचे घोडे मारायला निघालो नाही एवढे त्याला पटले असावे. मग तो म्हणाला, मी किंवा माझा मुलगा सोबत येईन, घोडी अनोळखी हातात देणार नाही. रास्त आहे. पण पुरुष सोबत नको हा तर मंडळाचा मूळ मुद्दा.

त्याच्या अंगणात हे बोलणे चालू असताना त्याची बायको घोड्यांना वैरण टाकत होती. चारा, पाणी, खरारा, लीद काढणे, रात्री वरातीहून परतलेल्या घोडीचे पाय शेकणे, सगळे ती करते. बँडच्या आवाजाला कोणती घोडी बुजते, कोणती चावते, कोणत्या खुरात खडा अडकतो, हे तिने न विचारता सांगितले. इतक्या वर्षांत ती घोडीवर एकदाही बसलेली नाही. तुम्ही शिकवाल का, सोबत याल का, असे आमच्यातल्या एकीने तिला विचारले. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "मी बसनार असंन तं येतो."

तुमच्या भागात बायकांनी असे काही केले असेल, सायकलवर, बैलगाडीत, पायी, कशीही, तर आम्हाला लिहा. वाटेत काय अडचणी आल्या, घरच्यांची समजूत कशी घातली, मुले कोणी सांभाळली, खर्च किती आला, हे कळवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.

आंजीत सध्या एवढे ठरले आहे की घोड्यांचे भाडे त्याला द्यायचे, शिकवण्याची आणि सोबत येण्याची मजुरी तिला, आणि ती तिच्या हातात. किती द्यायची हे पुढच्या बैठकीत ठरेल, आणि त्या बैठकीला तिलाही बोलावले आहे.